उम्म अल कुवैनच्या दांड्यावरची तीन अंडी

अन्याय झाला तो एका चिखल्या पक्ष्याच्या जोडीवर. वेळ, एप्रिल १९६८ मधला दुसरा शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी सव्वा. जागा, उम्म अल कुवैनच्या खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा. अन्याय करणारा कोणी शेख नाही, तेलकंपनीचा साहेब नाही, बंदूकवाला शिकारीही नाही. तो मी आहे. वय सव्वीस, धंदा फोटोग्राफी, आणि सवय म्हणाल तर दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायाविरुद्ध पत्रकं काढण्याची.

हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं, कारण परदेशातले अनुभव लिहिणारे लोक शेवटच्या ओळीपर्यंत स्वतःला फार जपतात. मला तेवढा धीर नाही. शिवाय पुढे मी खाडीबद्दल सांगायला लागलो की थांबणार नाही, आणि तुम्ही माझ्याबरोबर वाहवत जाल. मीही असाच वाहवत गेलो होतो.

आधी धंदा समजून घ्या. बर दुबईत देवळाच्या गल्लीला लागून एका सिंधी शेठचा स्टुडिओ आहे, तिथे मी तीन वर्षं फोटो काढतो, धुतो आणि सुधारतो. इथे आलेला आपला प्रत्येक माणूस पहिल्या महिन्यात एक फोटो घरी पाठवतो. हातात ट्रान्झिस्टर, मनगटावर घड्याळ, मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा. ट्रान्झिस्टर आणि घड्याळ स्टुडिओचं असतं. धबधबाही. मी त्याची हनुवटी वर करतो, कॉलर सरळ करतो, मागे खुर्चीचा पाय किंवा दोरीवरचा टॉवेल दिसत असेल तर काढतो. आमच्या शेठचा पहिला धडाच तो. "बॅकग्राउंड साफ रखो भाऊ. कस्टमर को सिर्फ कस्टमर दिखना चाहिए." हा धडा माझ्या बोटांत इतका मुरला होता की मी कुणाच्या घरी जेवायला गेलो तरी ताटाभोवतीच्या वाट्या सरळ करायचो.

डार्करूमचं म्हणाल तर उन्हाळ्यात नळाचं पाणी इतकं गरम येतं की त्यात फिल्म टाकली तर तिच्यावरचा थर सुटून वाहून जाईल. म्हणून मोठ्या परातीत बर्फ फोडायचा, त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवायचा आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं. शेवटची धुलाई गोड्या पाण्याची, नाहीतर सुकल्यावर प्रिंटवर मिठाचे पांढरे डाग उठतात. एवढं सगळं करून ट्रेमधून वर काय येतं, तर पासपोर्टचा फोटो. तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन खाडीवर जायला लागलो आणि एका समुद्रपक्ष्याचा फोटो काढून काउंटरमागे टांगला, तर त्यात नवल नाही.

तो फोटो बघूनच इब्राहिमभाई मला भेटले. हे मूळचे बाणकोटचे. वीस वर्षं गलबतावर तांडेल होते, आता एका गोदामात स्टोअरकीपर. पासपोर्टच्या फोटोसाठी आले आणि स्वतःकडे बघायचं सोडून त्या पक्ष्याकडेच बघत राहिले.

"फोटोवाल्या, हा मेलेला हाय का?"

"नाही हो. जिवंत आहे."

"मग मेल्यासारका का बसलाय?"

मी म्हटलं, तो माझ्याकडे बघत होता.

"तुज्याकडे बगत नव्हता तो. तुला घाबरलेला. येत्या शुक्रवारी चल माज्याबरोबर. आनि हे पांडरे बूट नको."

अशी माझी खरी नोकरी सुरू झाली. शुक्रवारी पहाटेच्या अब्रेने, म्हणजे तिथल्या होडीने, खाडी ओलांडून देऱ्याला जायचं. तिथून शारजा, अजमान करत माल घेऊन जाणाऱ्या लॅंडरोव्हरच्या मागे पिठाच्या पोत्यांवर बसायचं. धड रस्ता नव्हता तेव्हा. ओहोटी साधून ड्रायव्हर गाडी सरळ समुद्राच्या कडेने पळवायचा, कारण ओली वाळू कडक असते. ओहोटी चुकली तर खलास, गाडी रुतली, सगळे उतरा आणि ढकला. उम्म अल कुवैनला उतरलं की पुढे पायी.

आणि मग खाडी. वाचकहो, मी कोकणात खाड्या पाहिल्यात. पण वाळवंटाच्या कडेने दोन तास वारा खात यावं, डोळ्यांत रेती, तोंडात रेती, आणि एकदम समोर हिरवी गार तिवरं उभी असावीत, पाय चिखलात रोवून, अगदी बाणकोटच्या खाडीत असतात तशी, हे बघितल्यावर मी हसायलाच लागलो. तिवरांपलीकडे उथळ पाण्यात गुलाबी रेघ होती. मला वाटलं, कुणी कापड वाळत घातलंय. इब्राहिमभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. ती रेघ चालायला लागली. रोहित पक्षी. किती होते ते मोजलं नाही, मोजायचं सुचलंच नाही. एवढंच आठवतं की सगळे एकाच वेळी माना पाण्यात घालत होते, त्यांच्या पायांचा चळक चळक आवाज येत होता, आणि माझ्या कॅमेऱ्यात फिल्म आहे हे मी विसरून गेलो होतो.

"काड की फोटो," इब्राहिमभाई म्हणाले.

"थांबा हो."

"मंग शिकशील," ते म्हणाले.

त्यांनी मला चालायला शिकवलं. हसू नका, ते शिकावं लागतं. वारा तोंडावर घ्यायचा. आपली सावली पक्ष्याकडे जाऊ द्यायची नाही. थांबलं की लगेच बसायचं, कारण उभा राहिलेला माणूस दोन मैलांवरून माणूसच दिसतो, बसलेला दगड असू शकतो. गोणपाट अंगावर घेऊन मी तासन् तास दगड झालो. एकदा एक कैकर, घारीसारखा शिकारी पक्षी, पायात मासा धरून माझ्या डोक्यावरून इतका खालून गेला की माशाचं पाणी माझ्या लेन्सवर पडलं. ती फिल्म धुऊन प्रिंट काढला आणि ट्रेमध्ये त्या माशाचा डोळा वर आला तेव्हा मी डार्करूममधून ओरडलो. शेठ धावत आले. त्यांना वाटलं, मला शॉक बसला.

एक नियम मात्र इब्राहिमभाईंचा फार कडक. मार्च संपत आला की दांड्यावर फक्त ओल्या वाळूवरून, पाण्याच्या कडेने, एकामागे एक चालायचं. पुढच्याच्या पावलात पाऊल. सुक्या वाळूवर पाय टाकायचा नाही. त्या दिवसांत सुक्या वाळूत चिखल्याची अंडी असतात. घरटं म्हणायचं ते नावाला, टाचेने पाडावा तसा खळगा. त्यात तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर कुणी टाकाचं पेन झटकावं तसे काळे शिंतोडे. समोर असून दिसत नाहीत. गावातले जुने मासेमारही त्या दिवसांत जाळी दुसऱ्या अंगाला वाळत घालतात. तिथे कुठे बोर्ड नाही, कायदा नाही. चालण्याची रीत आहे, बस.

आता माझ्या पत्रकाची गोष्ट. त्या फेब्रुवारीत एक बडा कस्टमर स्टुडिओच्या दारात लॅंडरोव्हर घेऊन आला. बॉनेटवर मारलेली हरणं ओळीने मांडलेली. मला म्हणाला, मी बंदूक घेऊन उभा राहतो, तू काढ. मी नाही म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. मग शेठनेच फोटो काढला. मी मात्र दोन दिवस जागून हिंदीत पत्रक लिहिलं, वाळवंटातल्या मुक्या जिवांचे मारेकरी कोण, वगैरे, हाताने त्याच्या प्रती काढल्या आणि अब्रेच्या धक्क्यावर चिकटवल्या. मुंबईत युनियनची पत्रकं लिहूनच माझा हात बसलाय. शेठनी त्या स्वतःच्या हाताने खरवडून काढल्या. "अरे बाबा, तू फोटो निकाल, पर्चा मत निकाल. मेरा लाइसेंस जाएगा."

इब्राहिमभाईंनी एक प्रत खिशातून काढली. त्यांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली होती.

"चांगला लिवतोस," ते म्हणाले. "सगळा दुसऱ्याबद्दल."

मला राग आला. मग कुणाबद्दल लिहायचं असतं?

त्यानंतर दोन महिन्यांनी तो शुक्रवार. इब्राहिमभाईंनी मला एक घरटं दाखवलं होतं, ओल्या वाळूपासून वीसेक पावलांवर, एका खाऱ्या झुडपाच्या वाळक्या काटकीखाली. लांबून. अकराला ते जुम्म्याच्या नमाजासाठी गावातल्या मशिदीकडे निघाले. जाताना पायाने ओल्या वाळूच्या कडेला एक रेघ ओढली.

"हिच्या अल्याड बस. मी आलो की जाऊ."

"बसतो," मी म्हटलं.

मी दहा मिनिटं बसलो असेन. दुर्बिणीतून मादी स्पष्ट दिसत होती, पण फोटोत ती ठिपका आली असती. आणि उजेड असा होता, काय सांगू. मी रेघ ओलांडली.

जवळ गेलो तशी ती उठली आणि पळाली. थोड्या अंतरावर एक पंख जमिनीवर घासत, तिरकी होत, मोडल्यासारखी लंगडायला लागली. पंख मोडल्याचं सोंग ती करते, तुम्ही तिच्या मागे लागावं आणि अंडी विसरावीत म्हणून. मला ते माहीत होतं. माहीत असून मी मनात म्हटलं, काय पोज देतेय. तीन फोटो काढले. मग वळलो अंड्यांकडे. व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर समोर शिंपले, वाळलेलं शेवाळ, आणि ती काटकी मध्येच आडवी, अंड्यांवर तिची जाळीदार सावली. स्टुडिओच्या माणसाला जे दिसायचं तेच मला दिसलं. बॅकग्राउंड घाण आहे. मी शिंपले वेचून बाजूला केले. शेवाळ उचललं. काटकी मोडली आणि फेकली.

आता अंडी काय सुंदर दिसत होती. उघड्यावर, चकाकत. मी पोटावर झोपलो आणि मादी परत यायची वाट बघत राहिलो, कारण अंडी आणि आई एका फ्रेममध्ये हवी होती. ती यायची, मी शटर दाबायचो, आवाजाने ती पळायची. पुन्हा यायची. माझी मान भाजत होती. मला तहान लागली होती, पाण्याची बाटली रेघेच्या पलीकडे होती, तरी मी उठलो नाही. इतका आनंद मला त्या देशात कधी झाला नव्हता. शेवटी ती अंड्यांपाशी उभी राहिली, पंख अर्धे उघडून, चोच उघडी. मिळाला. अकरावा फोटो.

इब्राहिमभाई सव्वाला परत आले. त्यांनी आधी माझ्या पावलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काटकी कुटं हाय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी ती शोधून आणली, चार ढांगांत जाऊन अंड्यांजवळ रोवली आणि आले तसे परत फिरले. आम्ही लांब जाऊन बसलो. मादी धावत पाण्याकडे गेली, पोट भिजवलं, परत येऊन अंड्यांवर बसली. पुन्हा गेली, पुन्हा भिजवलं. उन्हाच्या दिवसांत अंडी थंड ठेवायला ही जोडी असंच पोटाच्या पिसांतून पाणी वाहते. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "बघा, बसली."

इब्राहिमभाईंनी वर सूर्याकडे पाहिलं.

प्रिंट कसा आला ते विचारू नका. त्या उघड्या चोचीतली जीभ दिसत होती. शेठ कधी नव्हे ते खूश. "अरे मराठे, ये तो विलायत का माल लगता है." त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्रान्झिस्टरवाल्यांचे फोटो काढून तो काचेत लावला, हातभर मोठा. गल्लीत लोक थांबायला लागले. एक गोरा इंजिनिअर आला, त्याच्या कंपनीच्या कॅलेंडरसाठी हवा म्हणाला, आणि जागा कुठली म्हणून विचारलं. शेठनी काउंटरवर नकाशा काढून दिला. मीच त्यांना सांगितली होती ना सगळी वाट, बढाई मारताना.

पुढच्या शुक्रवारी ती बसलेली होती. त्याच्या पुढच्याही. बाकीच्या घरट्यांतून पिल्लं निघाली. वाळूवर कापसाचे बोळे काडीच्या पायांवर धावायला लागले. ही बसलेलीच. पोट भिजवून यायची आणि बसायची.

"हिचं कधी?" मी विचारलं.

"दिस भरले कदीच," इब्राहिमभाई म्हणाले. "आता बसून उपेग नाय. पन ती बसंल."

"किती दिवस?"

"तिला कळंपर्यंत."

चौथ्या शुक्रवारी खळग्यापाशी कुणी नव्हतं. अंडी तशीच. इब्राहिमभाई, जे एरवी सुक्या वाळूवर पाय टाकत नाहीत, ते गेले, एक अंडं उचलून आणलं आणि माझ्या कानाशी धरून हलवलं. आत पाणी हललं. डबक. एवढंच.

"शिजला," ते म्हणाले. "त्याच दिवशी शिजला. दोन घंटे तिला बसू दिला नायस." आणि अंडं माझ्या तळहातावर ठेवलं.

मी काही म्हणणार तेवढ्यात मागे इंजिनचा आवाज आला. तो गोरा इंजिनिअर, लॅंडरोव्हर घेऊन. दोन मित्र, तिपाई, कॅमेरे. गाडी दांड्याच्या मुळाशी, सुक्या वाळूच्या तोंडाशी थांबली. दांड्यावर अजून उशिरा घातलेली तीन घरटी होती. त्याने मला ओळखलं आणि खिडकीतून डोकं काढून अगदी नम्रपणे विचारलं, "व्हेअर डू आय ड्राइव्ह?"

इब्राहिमभाई गाडीपुढे जाऊन वाळूत मांडी घालून बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग की. तुजं गिऱ्हाईक हाय."

हा माणूस त्या दांड्यावरून दहा वर्षं चालत होता. त्याला ना बायकापोरं इथे, ना घर. गोदामातली खाट आणि हा एक दांडा. आणि मी त्याचा फोटो काढून दुकानाच्या काचेत टांगला होता, वर वाटही सांगून टाकली होती.

मी कितीतरी पत्रकं लिहिलीत, भाषणं ठोकलीत. त्या दिवशी मोडक्या इंग्रजीत चार वाक्यं बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नाही. म्हटलं, तो फोटो तुम्हाला आवडला. तो काढताना मी ही अंडी मारली. हे बघा. आणि हात पुढे केला. गाडी पुढे घातलीत तर अजून मरतील, तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत.

त्याने अंड्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मित्राने काहीतरी विनोद केला, त्यावर तो हसला नाही. मग खाली उतरला, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि म्हणाला, "ऑल राइट. तुम्ही कसं चालता?"

इब्राहिमभाई उठले, पँट झटकली. "यल्ला," म्हणाले, आणि पुढे झाले. आम्ही पाचजण ओल्या वाळूवरून, पावलात पाऊल टाकत, दांड्याच्या टोकापर्यंत गेलो. तिथून त्यांना रोहित दाखवले. पाणकावळ्यांचा काळा थवा समुद्रावरून जाताना दाखवला, एक टोक आलं आणि गेलं तरी दुसरं संपेना. तो गोरा माणूस माझ्यासारखाच कॅमेरा विसरून उभा राहिला. इब्राहिमभाईंनी त्याला खांदा धरून खाली बसवलं.

ती आमची पहिली सहल. त्यानंतर थंडीत जवळजवळ दर शुक्रवारी माणसं येतात. बँकेतले कारकून, नर्सबाया, मीनाबाजारातले कापडवाले. घरट्याचा फोटो नाही, हा नियम सांगितला की निम्मे कुरकुरतात. एक गृहस्थ म्हणाले, मग एवढी महाग लेन्स घेऊन आलो कशाला? इब्राहिमभाई म्हणाले, "ती वर धर, सावली पडंल."

तो फोटो मी काचेतून काढला. निगेटिव्ह कापली. शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचंही खरं होतं, फिल्म त्यांची होती. कॅलेंडरवर त्या कंपनीने शेवटी एक जहाज छापलं. पण यंदा मार्चमध्ये शेठ आपणहून म्हणाले, मुझे भी दिखाओ क्या है वहाँ. चकचकीत बूट घालून आले आणि पहिल्याच लाटेत ते भिजवून बसले.

यंदा चिखले आले. तीच जोडी का दुसरी, मला सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दांड्यावर आम्ही सात घरटी मोजली, सगळी ओल्या वाळूवरून, दुर्बिणीतून. एका सकाळी माझ्या डोळ्यांदेखत एक अंडं फुटलं. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, आणि तासाभरात ते सुकून उभं राहिलं, दोन पावलं पळालं आणि तोंडावर पडलं. इब्राहिमभाई आणि मी एकमेकांच्या हातातून दुर्बीण ओढत होतो. "माजी पाळी," "थांबा हो," "अरे सोड." असा वेडेपणा. फोटो नाही. तुम्हाला माझ्या शब्दावरच राहावं लागेल.

या अंकाच्या संपादकांनी लेखासोबत फोटो मागितला होता, शक्य तर घरट्याचा, वाचकांना तेच आवडतं म्हणाले. मी दिला नाही. पण मला माहीत आहे, दुसरं कुणीतरी देईल. गुहागरहून देईल, अलिबागहून देईल, आफ्रिकेतून देईल. तीन अंडी, स्वच्छ वाळू, पंख उघडलेली आई, आणि खाली लिहिलेलं असेल, मातृप्रेम. तुम्ही तो फोटो घरातल्या मुलांना दाखवाल.

दाखवू नका. एक कार्ड घ्या आणि त्या अंकाच्या संपादकाला विचारा, हा फोटो काढणारा अंड्यांपासून किती हातांवर होता, आणि आई किती वेळ उठलेली होती. नुसता सुंदर म्हणून छापला, हे उत्तर घेऊ नका. मी ते शेठकडून घेतलं होतं, स्वतःकडूनही घेतलं होतं. नीट उत्तर येईपर्यंत पुढचा अंक विकत घेऊ नका. या अंकात तसा फोटो असेल, तर सुरुवात याच अंकापासून करा.